पोळ्याची वाटखर्ची

माझ्या माहेरचं हॉटेल आहे, असं मी सासरी सांगत आले. ते खोटं नव्हतं. वडीगोद्रीच्या अलीकडे हायवेला लागून आमची जागा होती. बाहेर दोन बाकडी, कढईत भजी, पातेल्यात उकळून उकळून लाल झालेला चहा. एवढं खरं सांगितलं की माणूस पुढचं विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. हॉटेलच्या मागे पत्र्याची एक लांबट शेड होती आणि आमचं घर चालायचं ते त्या शेडवर.

शेडमध्ये तिर्रट चालायचं, म्हणजे तीन पत्त्यांचा जुगार. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, स्वतः पत्त्याला हात लावत नसत. ते नाल घ्यायचे. जो डाव जिंकेल त्याच्या पैशातून जागेच्या मालकाचा ठरलेला हिस्सा निघतो, त्याला नाल म्हणतात. दादा म्हणायचे, "खेळणारा कधी जिततो, कधी हारतो. नाल कधीच हारत न्हाई." हे ते अभिमानाने सांगायचे आणि मीही ते पाढ्यासारखं पाठ केलं होतं. शाळेत बाईंनी वडिलांचा धंदा विचारला तेव्हा मी "हॉटेल" म्हणाले, पण मनातल्या मनात "नाल" म्हणाले, आणि मला त्याची मजा वाटली. लाज वाटायला अजून अवकाश होता.

त्या शेडची भाषा भिंत ओलांडून घरात यायची. माय स्वयंपाक करून दमली की पाट सरकवून म्हणायची, "मी पॅक." म्हणजे पत्ते खाली ठेवले, आता या डावात मी नाही. परीक्षेला न वाचता निघालं की भाऊ म्हणायचा, "ब्लाइंड चाललीस का?" पत्ते न बघता पैसे लावणं म्हणजे ब्लाइंड. मुठीत काही लपवलं की "शो कर". लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात हे मला लाख आणि कोटी नीट लिहिता येण्याआधी माहीत होतं. आमच्याकडे यातली पेटी काही कधी आली नाही, खोका तर सोडाच. तरी शब्द श्रीमंतांचे वापरायचे, ही आमच्या घराची हौस.

शेडमध्ये हरलेल्याला तिथल्या तिथे पैसेही मिळायचे. तेही दादाच द्यायचे. गावच्या, ओळखीच्या माणसाला शेकडा दहा. वर्षाला नव्हे, महिन्याला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मीटर. रिक्षा उभी असली तरी तिचं मीटर पडत राहतं ना, तसं हे व्याज रोज पडायचं, माणूस झोपला तरी पडायचं. आणि पैशाच्या बदल्यात काहीतरी ठेवून घ्यायचे. एकदा गावातल्या शिंप्याची मोठी कात्री अशीच आमच्या घरी आली. काळ्या मुठीची, जड, कापडातून पाण्यातून गेल्यासारखी जायची. मायने त्या कात्रीने माझा निळा फ्रॉक बेतला. शिंप्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. एके दिवशी ती पुस्तक मागायला घरी आली आणि खुंटीला अडकवलेल्या कात्रीकडे बघत उभी राहिली. पुस्तक न घेताच गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती अशी वाटली की मी तो फ्रॉक पुन्हा घालायचा नाही म्हणून विस्तवाजवळ बसून मुद्दाम त्याला ठिणगी लागू दिली. मायने मला बदडलं. मी कारण सांगितलं नाही.

शेडचे दोन कायदे होते. ते दादांनी कुठून आणले देव जाणे, पण ते मोडलेले मी पाहिले नाहीत. पहिला असा की शेडमधल्या माणसाला बाहेर ओळख द्यायची नाही. बाजारात, लग्नात, देवळात, कुठेही. तो आपण होऊन बोलला तर बोलायचं, तेही पाऊसपाण्याचं. जांब समर्थला रामनवमीच्या गर्दीत शेडमधला एक नेहमीचा माणूस बायकापोरांसकट आमच्या शेजारी दर्शनाच्या रांगेत उभा होता. दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं खांबाकडे पाहावं. मी "दादा, हे तर..." म्हणाले, तर त्यांनी माझा दंड असा दाबला की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

दुसरा कायदा वाटखर्चीचा. माणूस सगळं हरून उठला, खिसा उलटा झाला, तर त्याला घरापर्यंतचं एस.टी.चं भाडं नालेतून द्यायचं. ते उसनं नसतं. त्यावर व्याज नसतं आणि ते परतही घ्यायचं नसतं. "हारलेला माणूस आपल्या दारातून पायी जाऊ नये," असं दादा म्हणायचे. मला हे लहानपणी फार थोर वाटायचं. मोठी झाल्यावर चीड आली. आधी माणसाला सोलायचं आणि मग अंगावर टाकायला त्याचाच टॉवेल द्यायचा, यात कसलं आलंय पुण्य!

पोळ्याला शेड ओसंडून वाहायची. आमच्याकडे पोळ्याला पत्ते खेळायची रीतच आहे. वर्षभर पत्त्याला न शिवणारी माणसं त्या दिवशी बैल वेशीतून मिरवून आणतात, पुरणपोळी खातात आणि "आजच्या दिवस बसावं लागतं" म्हणून बसतात. नेहमीचा खेळणारा कुठे उठायचं ते जाणतो. पोळ्याचा माणूस जाणत नाही. म्हणून सगळ्यात जास्त वाटखर्ची पोळ्याला जायची, आणि सगळ्यात जास्त नालही पोळ्यालाच निघायची.

माझं लग्न ठरायच्या वर्षी मायने हट्ट धरून शेड बंद करायला लावली. "पोरीला बघायला येतील तवा मागून पत्ते पिसल्याचा आवाज यायचा का?" असं ती म्हणाली. पत्रे विकले. हॉटेल तेवढं उरलं. स्थळ जुन्या जालन्यातलं, भुसाराचं दुकान, घरात सकाळी हरिपाठ. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी चहाचा कप हातात घेतला, दादांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चहा चांगला असतो म्हणतात तुमच्याकडं." दादा म्हणाले, "बरा असतो." दोघंही पुढे पाऊसपाण्याचं बोलायला लागले. मी दाराआडून ऐकत होते आणि सुटकेचा निःश्वास टाकत होते. हॉटेल खपलं.

सासरी मी शब्द गिळायला शिकले. ते सोपं नसतं. एकदा धाकट्या पुतण्याने मुठीत काहीतरी लपवलं होतं आणि मी सगळ्यांसमोर म्हणून गेले, "चल, शो कर!" आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मान वर करून पाहिलं. त्याच वेळी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, जोराचा ठसका लागला आणि त्यांना पाणी देण्यात ते विसरून गेलं. मला वाटलं, वाचले. अशी मी पुष्कळदा वाचले. दादा क्वचित यायचे. आले की ओट्यावरच बसायचे, लेकीच्या घरचं जेवत नाही म्हणायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. ते गेले की मला हलकं वाटायचं. हे लिहितानाही हात अडखळतो, पण वाटायचं खरं.

मग आमच्या नणंदेची सोयरीक निघाली.

ती घरातलं शेंडेफळ. बी.एस्सी. झालेली, जरा फटकळ, मला जीव लावणारी. मुलगा अंबड तालुक्यातला, खताबियाण्याचं दुकान, घरची जमीन, दिसायला राजबिंडा. तिला तो फोटोतच पसंत पडला होता. बैठकीच्या दिवशी मुलगा, त्याचे वडील आणि त्याचा मामा आले. मी मागच्या चौकात चुलीशेजारी पोह्यांवर खोबरं घालत होते, नणंद माझ्यामागे दाराशी लपून उभी होती. मुलाला फोन आला. तो बोलत बोलत मागच्या मोरीकडे आला. आम्ही बायका आहोत म्हणून त्याने आवाजही खाली केला नाही. बायकांना यातलं काय कळणार?

"अरे काल्च्या मॅचला तीन पेटी खाल्ली मी," तो म्हणाला. "उतारा कुणालाच दिला न्हाई. म्हणलं, घरातच राहील. पार उलटं झालं... हां, त्याचं मीटर चालू हाय, ठाऊक हाय मला. त्याला म्हणा, जरासं थांब. इथं सोयरीक पक्की होऊन राह्यली. पार्टी चांगली हाय. बिलकुल टेन्शन घेऊ नको म्हणा."

नणंद माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वहिनी, धंद्याचं बोलून राह्यलेत वाटतं." तिच्या आवाजात इतकं कौतुक होतं की माझ्या हातातलं खोबरं ताटलीबाहेर पडलं.

मला प्रत्येक शब्द कळला होता. 'खाल्ली' म्हणजे लोकांनी क्रिकेटवर लावलेले पैसे त्याने स्वतःवर घेतले. म्हणजे हा नुसता खेळणारा नव्हता, तर सट्टा घेणारा होता. 'उतारा' म्हणजे आपल्याला झेपणार नाही तो बोजा वरच्या मोठ्या माणसाकडे उतरवणं. तो त्याने हावरेपणाने उतरवला नाही. लोक जिंकले, तीन लाख अंगावर आले, ते भागवायला त्याने मीटरने पैसे काढले आणि ते मीटर आता आमच्या मुलीच्या लग्नावर थांबवायचं होतं. हे सगळं मला पोह्यांना वाफ येते तेवढ्या वेळात कळलं. आणि लगेच दुसरं कळलं, की हे कळलं असं सांगितलं तर कसं कळलं तेही सांगावं लागेल.

मी पोहे वाढले. सुपारी फोडायचा दिवस पुढच्या गुरुवारचा ठरला.

मधले दिवस मी काय केलं? काही नाही. कामं केली. स्वतःला समजावलं की मी चुकीचं ऐकलं असेन, आजकाल पोरं थोडंफार करतातच, लग्नानंतर सुधारतात. ही असली वाक्यं मी आमच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडून किती ऐकली होती! नवऱ्याला शोधत आलेल्या, मायने दिलेला चहा हातात धरून थंड करणाऱ्या बायका. त्यांच्याकडे बघून मला नेहमी वाटायचं, यांना आधी कुणी सांगितलं कसं नाही? आता सांगणारी मी होते आणि माझी दातखीळ बसली होती.

एकदा नवऱ्याजवळ विषय काढून पाहिला. "मुलगा मला बरोबर वाटत नाही, सट्ट्यातला वाटतो," म्हणाले. ते हिशेब करता करता हसले, "तुला काय कळतंय सट्ट्यातलं?" यावर मी गप्प बसले आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, संपलं. इतकी स्वस्त सुटका मी स्वतःला देऊ केली.

पण बुधवारी सकाळी नणंद ब्लाउजचं माप द्यायला निघाली. जाताना माझ्यापुढे गिरकी घेऊन म्हणाली, "निळ्या रंगाचं घेऊ का वहिनी?" मला माझा तो फ्रॉक आठवला. मी तिचा हात धरून तिला बैठकीच्या खोलीत नेलं. मामा चहा घेत होते, आत्याबाई गहू निवडत होत्या, हे दुकानात जायला चपला घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऐकलेलं वाक्य न् वाक्य आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. फार सफाईदार होता तो. दादांचाच.

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "अगं, पण तुला हे सगळं कसं ठावं?"

"आमच्या हॉटेलच्या मागं शेड होती," मी म्हणाले. "तिथं तिर्रट चालायचं. दादा नाल घ्यायचे. व्याजानं पैसे पण द्यायचे."

यांनी एक पाय चपलेत घातलेला तसाच ठेवला. मी मामांकडे बघायचं टाळत होते. घरात रोज हरिपाठ म्हणणारा माणूस. त्यांनी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "तुझ्या वडलांना बोलावून घे."

सुनेच्या बापाला बोलावणं म्हणजे काय असतं ते आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. मी आत जाऊन फोन लावला. "दादा, मामांनी बोलावलंय." पलीकडून हायवेचा आवाज येत होता. ते म्हणाले, "तुला कुणी काय बोललं का?" मी नाही म्हणाले. काम काय ते सांगितलं. मुलाचं नाव-गाव सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आपलं समदं सांगितलं का तू?" मी हो म्हणाले. "बरं केलं," असं ते म्हणाले, पण असं म्हणाले की ते बरं नव्हतं.

सुपारी लांबवली. पाहुण्यांना मामांनी काहीतरी सुतकाचं कारण सांगितलं. दोन-तीन दिवसांनी दादा आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी. शेडच्या दिवसांत ते कधी असे नटत नसत. या वेळी ओट्यावर नाही, मामांनी हाताला धरून त्यांना आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. दादा खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

त्यांनी जुन्या ओळखी काढून सगळं विचारून आणलं होतं. मुलाचं दुकान नावालाच होतं, माल कधीच गेला होता. अंबडच्या एका सावकाराने त्याच्या बापाचा प्लॉट खरेदीखत करून आधीच नावावर घेतला होता. "मीटरवाले तीन हायेत," दादा म्हणाले. "एकाचं द्यायला दुसऱ्याचं काढून राह्यलाय. आमच्या धंद्यात याला म्हणत्यात, टोपी फिरवणं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. शेवटी एक डोकं उघडं पडतंच."

इथवर ठीक होतं. पण आत्याबाईंनी भीत भीत विचारलं, "ते पेटी म्हंजे काय हो?" आणि दादा खुलले. कित्येक वर्षांनी त्यांना कुणी त्यांच्या धंद्यातलं विचारत होतं. ते पेटी सांगायला लागले, खोका सांगायला लागले. खाणं आणि लावणं यातला फरक त्यांनी तांब्या आणि पेला मांडून समजावला. ब्लाइंड खेळणारा जास्त का घाबरवतो ते सांगितलं. हात पत्ते वाटल्यासारखे हलत होते. हे पुढे सरकून ऐकत होते, आत्याबाई "बाई, बाई!" करत होत्या, आणि मी दाराच्या चौकटीला धरून मनात म्हणत होते, गप्प बसा दादा, पाया पडते, गप्प बसा. त्यांनी एका मुलीला वाचवायचं म्हणून इतक्या लांबून येऊन स्वतःचं सगळं उघडं केलं होतं, आणि मला लाज वाटत होती ती त्यांच्या हलणाऱ्या हातांची.

"म्हंजे हॉटेल न्हवतंच का?" आत्याबाई म्हणाल्या.

"व्हतं की," दादा म्हणाले. "चहा आमचा चांगलाच व्हता."

तेवढ्यात नणंद आतून आली. डोळे रडून लाल. ती मुलाच्या प्रेमात होती असं नाही, पण गेले काही दिवस तिने जे जे मनात मांडलं होतं ते सगळं या खोलीत मोडत होतं आणि तिला कुणावर तरी ते आपटायचं होतं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिला बघवत न्हाई म्हणून लावालावी केली! जुगाऱ्याची पोरगी ती, तिला समदेच जुगारी दिसणार!"

आत्याबाई तिच्या अंगावर ओरडल्या. मी दादांकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर आले होते आणि ते पुन्हा खुर्चीच्या कडेला आले होते. मला ओरडून सांगायचं होतं की माझ्या बापाने आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही. पण ते सांगून काय झालं असतं? ज्यांनी लावला, त्यांच्यावर तर आम्ही जगलो.

"बराबर बोलली ताई," दादा हळू म्हणाले. "जुगाऱ्याचीच हाय ती. म्हणून तर तिला कळलं. तू शिकलेली, चांगल्या घरातली. तुला कसं कळावं? तिच्यावर राग धरू नको. धरायचा तर माझ्यावर धर." आणि टोपी नीट करून उठले. "येतो मी. दोनची गाडी सापडली तर बरं."

मामा म्हणाले, "जेवून जा." दादांनी हात जोडले. मामा चपला घालून त्यांच्याबरोबर निघाले. मी खोलीतून स्वयंपाकघरात पळाले. सकाळपासून मी त्यांच्यासाठी धपाटे करून ठेवले होते. ते जेवणार नाहीत हे माहीत होतं, निदान गाडीत खातील. डब्यात भरले, वर ठेचा घातला आणि पदर खोचून मागोमाग धावले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाच्या दुकानांपुढे रिक्षा उभ्या असतात. दोघे तिथे पोचले होते, माझ्याकडे पाठ करून. मी पानाच्या टपरीपर्यंत आले आणि हाक मारणार, तेवढ्यात मामांनी बंडीच्या खिशातून काहीतरी काढलं. घडी घातलेली नोट होती. त्यांनी ती दादांच्या हातात ठेवली.

"हे काय?" दादा म्हणाले.

"वाटखर्ची. त्या पोळ्याला तुम्ही दिल्ती ना, ती."

माझे सासरे. भुसार खरेदीला आमच्या भागात फिरायचे तेव्हाची कधीतरीची गोष्ट असणार. पोळ्याचे एका दिवसाचे खेळणारे. माझ्या बघण्याला त्यांनी जो चहा प्यायला तो पहिला नव्हता. मी 'शो कर' म्हणाले तेव्हा त्यांना आलेला तो ठसका! इतकी वर्षं मी जे लपवत होते ते एका माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी ओळख दिली नव्हती, दादांनीही नाही, आणि मी मध्ये उभी राहून दोघांपासून माझं हॉटेल सांभाळत होते.

दादा नोट परत करू लागले. "वाटखर्ची परत घ्यायची नसती, इवाई. तुम्हाला ठाऊक हाय. ती कर्ज न्हाई."

"परत न्हाई देऊन राह्यलो," मामा म्हणाले. "ती हारलेल्या माणसाला देत्यात ना? आज माझ्या घरातून तुम्ही हारून चालले. माझ्या पोरीपायी हारले. माझ्या दारातून तुम्ही पायी जायचं न्हाई."

दादांनी नोटेकडे पाहिलं. मग त्यांनी ती मुठीत घेतली. आयुष्यभर ज्यांनी ती दिली, त्यांनी ती घेतली. घेताना त्यांची मान तशीच खाली गेली, जशी शेडमधून बाहेर पडणाऱ्या माणसांची जायची, चहाच्या बाकड्यावरून मी लहानपणी रोज बघितलेली. ते रिक्षात बसले.

मी दोन पावलं पुढे टाकली असती तर डबा त्यांच्या हातात पडला असता. पण मग त्यांना कळलं असतं की मी पाहिलं. मी टपरीमागे सरकले आणि रिक्षा जाऊ दिली.

नणंदेचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं. सुखात आहे. ती माझ्याशी आता पूर्वीसारखं बोलते, तो विषय सोडून. मामांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, आणि मीही त्यांना नाही. शेडचा कायदा आमच्या घरात अजून चालू आहे.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा धपाट्यांचा डबा अजून कोमट होता. मी तो ओट्यावर ठेवला. आत्याबाई आतून म्हणाल्या, "दिला का गं वडलांना?"

"न्हाई," मी म्हणाले, "गाडी निघून गेल्ती."